पाळकाचं वाक्य

महाल, नागपूर
२२ सप्टेंबर २०२५

ती. भाऊजींस,
प्रभु येशूच्या नावात सलाम.

आपल्या चर्चचं छप्पर एकदाचं झालं. पत्र्याचे आणि मजुरीचे आकडे पंचांनी मंडळीपुढे वाचून दाखवले, लोकांनी माना हलवल्या, ते सोडा. छप्पर खरं कितीला पडलं ते मी सांगतो. दोन उन्हाळे आणि एक पावसाळा मंडपातली उपासना. इंदुताईंचा उजवा गुडघा, कारण मंडपात प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठताना धरायला पुढचा बाक नसतो. पंचांमधली दोन भांडणं. एक रंगावरून, दुसरं कशावरून ते आता भांडणाऱ्यांनाही आठवत नाही. जुन्या कौलांखालची चिमण्यांची अख्खी वस्ती. आणि गाणं.

गाण्याचं नीट सांगतो. मंडपात माझ्या दुकानातले स्पीकर लावले, तरुण संघातली दोन पोरं माईकवर गायला उभी केली. आवाज झकास. पण मंडळी लग्नातला ऑर्केस्ट्रा ऐकावा तशी ऐकायला लागली. आता छप्पर झालं, बाक परत आले, तरी तीच सवय. मी मागे आवाजाच्या मशीनपाशी उभा असतो. कोण गातं आणि कोण नुसता जबडा हलवतं, हे मला डोळे मिटून कळतं. भाऊजी, अर्ध्याच्या वर जबडेच आहेत. तुम्ही धंतोलीत घशाचं ऑपरेशन करून लेकीकडे, मिनलकडे अमरावतीला गेलात, त्यानंतर नवे पाळक अजून मिळालेले नाहीत. पंच आळीपाळीने उपासना चालवतात. देव त्यांचं भलं करो. बँकेत नंबर पुकारतात तशी गीतं पुकारतात.

तर मुद्दा असा. ३० नोव्हेंबर, नाताळाआधीच्या आगमनकालाचा पहिला रविवार, त्या दिवशी नव्या छपराच्या समर्पणाची उपासना ठेवली आहे. ती तुम्ही चालवावी असं पंचांचं एकमत झालं. एकमत, हा शब्द वाचून खुर्चीवरून पडू नका, खरंच झालं. तीस वर्षं तुम्ही तिथं उभे राहिलात. दुसऱ्या कुणाचं नाव निघालंच नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर मी बोलणार आणि तुम्ही रिसीव्हरवर बोट वाजवणार, एकदा वाजलं की हो, दोनदा वाजलं की नाही. इतक्या मोठ्या गोष्टीला टकटक नको. लिहून कळवा. शामलाताईला सलाम.

आपला,
मनोहर


अमरावती
१ ऑक्टोबर २०२५

प्रिय मनोहर यास, सलाम.

पंचांचं एकमत झालं हा चमत्कारच आहे आणि तो वाया जातोय याचं मला वाईट वाटतं. माझं उत्तर नाही असं आहे. दोनदा टकटक.

डॉक्टरांनी गाठ काढली, जीव वाचवला, आवाजाची एक बाजू तिच्याबरोबर गेली. उरली ती फुसफुस. इथं दूधवाला माझ्याशी खुणांनी बोलतो. दोन बोटं दाखवून विचारतो, दोन लिटर का? ज्याला बोलता येत नाही तो बहिराही असणार, असा त्याचा हिशोब. परवा मी त्याला पाटीवर लिहून दाखवलं, 'मला ऐकू येतं.' त्यानं मान डोलावली आणि पुन्हा दोन बोटं दाखवली.

मला सारखा जखऱ्या आठवतो, लूकच्या पहिल्या अध्यायातला. म्हातारा याजक, आयुष्यात एकदा धूप जाळायची पाळी त्याच्यावर आली. आत देवदूत भेटला, म्हणाला, तुला मुलगा होईल. यानं विश्वास ठेवला नाही आणि मुका झाला. बाहेर लोक वाट पाहत उभे होते, त्यांच्यापुढे तो नुसते हातवारे करत राहिला. या उताऱ्यावर मी कितीदा उपदेश केले असतील, दरवेळी जखऱ्याला अविश्वासाबद्दल झोडपून काढलं. आता वाटतं, त्याची बाजू एकदा ऐकून घ्यायला हवी होती. पुढे शेजारीपाजारी त्याच्याशीसुद्धा खुणांनीच बोलत होते, तेही लिहिलं आहे. त्याचा दूधवालाही तसाच असावा.

माझ्यावाचून अडू नका. इंदुताई आहेतच. पाळकाचं वाक्य त्या नेहमी माझ्याआधी ओठांत संपवायच्या, तुला आठवत असेल. मी 'प्रभू' म्हणेपर्यंत त्या 'आमेन'पाशी पोचलेल्या. त्यांचं पाहून मागच्या बायकाही कुजबुजायला लागल्या, तेव्हा मी व्यासपीठावरून सांगितलं होतं की उपासनेत मंडळीची वाक्यं मंडळीनं म्हणावी, पाळकाचं वाक्य पाळकाला म्हणू द्यावं. सगळे गप्प झाले. इंदुताई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आता त्यांनाच उभं करा. बाईंना सगळं पाठ आहे.

तुझा,
मधुकर


महाल
८ ऑक्टोबर २०२५

ती. भाऊजींस, सलाम.

तुमचं पत्र दुकानाच्या काउंटरवरच फोडलं. जखऱ्याचं राहू द्या, तुमची खरी अडचण माझ्या लक्षात आली. आवाज पोचत नाही, एवढंच ना? भाऊजी, आवाज पोचवणं हा माझा धंदा आहे.

सातवीत शाळा सुटली तेव्हापासून सायकलला भोंगे बांधून याच महालातल्या गल्ल्यांतून फिरलो. जळलेल्या कॉइली परत गुंडाळल्या, शिव्या खाल्ल्या, शिकलो. आज कळमेश्वरच्या एमआयडीसीत माझ्या स्पीकरच्या पेट्या बनतात, ते काही आकाशातून पडलं नाही. घाबरलेला नवरदेव, भाषण विसरलेला पुढारी, दमेकरी कीर्तनकार, सगळ्यांचे आवाज मी शेवटच्या रांगेपर्यंत नेऊन सोडले. तुमच्या फुसफुशीचं काय घेऊन बसलात!

तुमच्यासाठी कॉलरला लावायचा एक बिनवायरचा माईक मी स्वतःच्या हातानं जुळवलाय. डबी कमरेला लावायची, दोन पेन्सिल सेल घालायचे, बस्स. श्वाससुद्धा उचलतो. दुकानात लावून पाहिला तर माझ्या खिशातल्या किल्ल्या भांड्यांच्या दुकानासारख्या वाजल्या. तुम्ही नुसते ओठ हलवा, गेटपाशी चप्पल काढणाऱ्याला ऐकू येईल.

आणि माईक ऐन वेळी दगा देईल ही भीती तर मनात आणूच नका. बंद माईक मला शेवटच्या बाकावरून कळतो. चालू माईकला एक अस्तर असतं आवाजाचं. ते नसलं की माझ्या कानाला लगेच उघडं उघडं वाटतं. लग्नात नवरीचा मामा 'हॅलो हॅलो' म्हणायच्या आत मी ओरडतो, मामा, बटन! चाळीस वर्षांत माझा कान एकदाही चुकलेला नाही. त्यावर विश्वास ठेवा आणि या.

आपला,
मनोहर


अमरावती
१६ ऑक्टोबर २०२५

मनोहर,

तुझ्या कानांना सगळं ऐकू येतं. पत्रातलं मात्र येत नाही.

ऑपरेशनच्या आधीचा रविवार आठव. तू मशीनवर होतास. घसा बसलेला होता तरी उपदेश कसाबसा झाला. शेवटी आशीर्वादासाठी मी हात वर केला आणि तोंडातून काहीच निघालं नाही. तू बटनं फिरवत राहिलास. तुला वाटलं, मशीन बिघडलं. मंडळी डोळे मिटून, माना खाली घालून उभी होती. मग एकेकानं डोळे उघडले. मी पाहत होतो. ज्यांचे बाप्तिस्मे मी केले, लग्नं लावली, ती माणसं माझ्याकडे कशी पाहत होती ते मी सांगू शकत नाही. इंदुताईंना ते वाक्य पाठ होतं. पण त्याही गप्प होत्या, कारण मीच त्यांना गप्प केलं होतं.

मी हात खाली घेतला आणि वेस्ट्रीत, झगा घालायच्या मागच्या खोलीत, निघून गेलो. लोक त्या दिवशी आशीर्वादाविना घरी गेले. माझ्या तीस वर्षांच्या सेवेचा शेवट तो.

पुन्हा तिथं उभं राहायचं, हात वर करायचा आणि पुन्हा तेच झालं तर? माझी भीती ही आहे. तिला सेल लागत नाहीत. यापुढे या विषयावर लिहू नकोस.

मधुकर


अमरावती
२१ ऑक्टोबर

मन्या,

तुह्या भाऊजीले माहीत नाही मी लिहून राहिली ते. माहीत होऊ देऊ नोको.

हे रोज संध्याकाळी गच्चीवर जातात. मिनलले वाटते बाबा फिरून राहिले. परवा मी वाळलेले कपडे काढाले गेली त काय पाहाव! पान्याच्या टाकीकडं तोंड करून उभे, हात वर. ओठ हलून राहिले. पुरा आशीर्वाद म्हनला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मंग थोडे थांबले, जशी टाकी आमेन म्हननार हाय. मी तशीच पायऱ्यांवर बसली गा, खाली आलीच नाही. कपडे तसेच रायले दोरीवर.

आता सांग, ज्याले जायाचंच नाही तो मानूस टाकीले काहून आशीर्वाद देईन?

तू तुह्या त्या माईकचं लिहू नोको आता. तुहं पत्र वाचून दोन दिवस जेवनात ध्यान नव्हतं त्यायचं. त्यायले कोनी शास्त्रातलं दाखवलं त ऐकतात, तसे नाही ऐकत. पन तू बायबल उघडतं तरी कधी? जिनगानीभर त्या मशीनपाशी उभा. चर्चमंधी तुले बाकावर बसलेलं मी एक दिवस पाहिलं नाही. बाबा असते त कान धरून बसवलं असतं.

गुडघ्यासाठी इंदुताईले तीळ तेल सांगजो.

ताई


महाल
२७ ऑक्टोबर २०२५

ती. भाऊजींस, सलाम.

या विषयावर लिहू नकोस असं तुम्ही लिहिलंत. म्हणून माईकबद्दल एक अक्षर लिहीत नाही. जखऱ्याबद्दल लिहितो, तो विषय तुम्हीच काढला होता.

तुमचे जखऱ्यावरचे उपदेश मी सगळे ऐकले असं मी समजत होतो. ते खरं नाही. मशीनवाला उपदेश ऐकत नाही, आवाज ऐकतो. खर्ज जास्त झाला, शिट्टी वाजेल का, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. म्हणून परवा दुकान बंद करून लूकचा पहिला अध्याय काढला आणि चष्मा लावून सावकाश वाचला, एखाद्या नव्या मशीनबरोबरचं माहितीपत्रक वाचावं तसा.

एका ठिकाणी अडलो. जखऱ्या मुका झाला, बाहेर आला, हातवारे केले. आणि मग? मला वाटलं होतं, तसाच घरी गेला असेल. तसं लिहिलेलं नाही. त्याच्या सेवेचे दिवस पुरे झाल्यावर तो घरी गेला, असं आहे. म्हणजे मुका झाल्यावरही तो तिथंच होता! पाळी संपेपर्यंत धूप, दिवे, जे काय असेल ते करत राहिला. माझ्या कारागिराचं बोट कापलं तर आठवडाभर तोंड दाखवत नाही. या माणसाचा आवाज गेला आणि त्यानं ड्यूटी पुरी केली. बाकीच्या याजकांनीही त्याला घालवलं नाही, बाबा, तू घरी जाऊन पड, असं म्हटलं नाही.

देवदूत त्याला म्हणाला, तुला बोलता येणार नाही. 'तू सेवा करू नकोस' असं म्हणाल्याचं मला कुठं सापडलं नाही. तुम्ही शिकलेले आहात, सापडलं तर कळवा.

भाऊजी, मी व्यापारी माणूस, उधारी लक्षात ठेवतो. तुमच्या पाळीतला एक आशीर्वाद बाकी आहे. तुम्ही वेस्ट्रीत गेलात, पण कुणी 'बसा' म्हटलं नाही. मंडळी अजून उभी आहे.

आणि अमरावतीत आशीर्वाद घ्यायला नीट माणसं मिळत नसतील, तर इथं आम्ही आहोत. आम्ही निदान आमेन म्हणतो.

आपला,
मनोहर


अमरावती
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय मनोहर यास, सलाम.

टाकीची बातमी तुला कुणी दिली ते मी विचारत नाही. या घरात गच्चीवरचे कपडे एकच माणूस काढतो आणि त्या दिवशी कपडे रात्रभर दोरीवर होते.

तू दाखवलेलं वचन मी शोधलं. मला शोधावं लागलं, यातच सगळं आलं. तेविसावं वचन. इतकी वर्षं मी त्यावरून पाय उचलून पुढे जात होतो; गोष्टीत माणूस इकडून तिकडे जातो तसं एक जोडवाक्य समजून. बावीस संपलं की मी थेट चोविसावर. मुका याजक मंदिरात उरलेले दिवस काय करत होता, हे मला कधी विचारावंसंच वाटलं नाही, कारण माझ्या लेखी याजक म्हणजे आवाज.

'सेवा करू नकोस' असं वाक्य मलाही सापडलं नाही. मूळ भाषेतसुद्धा पाहिलं.

मी येतो. शनिवारी दुपारी पोचू, तुझ्याकडेच उतरू. उपदेश लहान असेल. काय होईल ते सांगता येत नाही, भीती गेलेली नाही, ती बरोबर घेऊनच येतोय.

तुझा माईक मी लावीन, कारण तू बनवलास. पण माझी एक अट आहे. त्या दिवशी तू मशीनपाशी उभं राहायचं नाहीस. बटनं काय ती आधी लावून ठेव आणि तिसऱ्या बाकावर, इंदुताईंच्या शेजारी, पहिल्या गीतापासून आमेनपर्यंत बसायचं. गीताला उभं राहायचं आणि तोंड उघडून गायचं. जबडा नव्हे.

कबूल असेल तर एकदा टकटक.

तुझा,
मधुकर


महाल
७ नोव्हेंबर २०२५

ती. भाऊजींस,

टक.

इंदुताईंना सांगितलं, मी तुमच्या शेजारी बसणार. त्या म्हणाल्या, "काहून? मशीन बिघडली का तुही?" मी म्हटलं, "नाही, गायला बसणार." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग मी कानात कापूस घालून येतो."

मनोहर


महाल
३ डिसेंबर २०२५

ती. भाऊजींस,
प्रभु येशूच्या नावात सलाम, सलाम आणि पुन्हा सलाम!

तुम्ही सोमवारी बसमध्ये बसलात आणि तेव्हापासून दुकानात कुणी ग्राहक आला तरी मी आधी रविवारचं सांगतो, मग स्पीकरचं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तिथं होतात. पण तुम्ही समोरून पाहिलंत. मी पहिल्यांदाच आतून पाहिलं, म्हणून लिहितो.

बाकावर बसलो तेव्हा माझे हात कुठं ठेवावेत कळेना. इतकी वर्षं ते बटनांवर होते. इंदुताई म्हणाल्या, "गीतांचं पुस्तक धर, बापा. हलून नको राहू, बाक हलते." घंटा झाली. वेस्ट्रीचं दार उघडलं आणि तुम्ही पांढऱ्या झग्यात बाहेर आलात. मागच्या वेळी तेच दार बंद होताना सगळ्यांनी पाहिलं होतं. नवा पत्रा उन्हानं तडकतो ना, तेवढा एक आवाज.

तुम्ही ओठ हलवलेत आणि भाऊजी, मला स्वच्छ ऐकू आलं! 'प्रभूच्या घरात आनंदानं या.' प्रभूमधला भ सुद्धा सुटला नाही. तिसऱ्या बाकावर जणू कानाशी बोलताय. मी मनात म्हटलं, मन्या, जिंकलास.

मग गीत. तरुण संघातली पोरं माईकजवळ उभी राहायला निघाली, तुम्ही हातानं त्यांना बाकावर बसवलंत. पुढे कुणीच नाही. आता सुरुवात करणार कोण? सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. आणि इंदुताईंनी, कापूस नव्हताच घातला त्यांनी, त्या पिचक्या आवाजात पहिली ओळ उचलली. एकट्या. मला काय झालं ठाऊक नाही, ती बाई एकटी गाते आणि मी शेजारी गप्प बसतो, हे मला बघवेना. मी तोंड उघडलं. माझा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. फुटका भोंगा. इंदुताईंनी तिरपं पाहिलं, पण थांबल्या नाहीत. मागून माझ्या कारखान्यातल्या धर्मेंद्रचा जाड आवाज आला, तो कळमेश्वरहून घरादारासकट आला होता. मग बायकांचा बाक. मग डावी बाजू. दुसऱ्या कडव्याला छपरात घुमायला लागलं, भाऊजी. जुनी कौलं गेल्यापासून मी ज्या घुमाऱ्यासाठी रडत होतो तो छताला बोर्ड ठोकून आला नाही, स्पीकरचे बॉक्स बदलून आला नाही, तो माणसांनी गायल्यावर आला. जबडे हलवणारे सगळे गात होते. मी मोजले नाहीत. मोजायला मागे कुणी नव्हतंच.

उपदेशात तुम्ही जखऱ्याची क्षमा मागितलीत, तेव्हा लोक हसले. तेविसाव्या वचनावर आलात तेव्हा माझ्याकडे पाहू नका असं मी देवाला विनवत होतो. तुम्ही पाहिलंतच.

आणि मग आशीर्वादाची वेळ. सगळे उभे राहिले. कुणीच डोळे मिटले नाहीत. तुम्ही हात वर केला. थांबलात. ओठ हलले नाहीत. भाऊजी, तो क्षण मी मशीनपाशी असतो तर बटन फिरवत राहिलो असतो, पुन्हा. तुम्ही हात खाली घेतलात आणि मला वाटलं, गेलं. वेस्ट्रीकडे जातील.

तुम्ही गेलात भिंतीकडे. गीतांचे नंबर लिहितो ती काळी पाटी खुंटीवरून काढलीत, नंबर बाहीनं पुसलेत, खडूनं लिहिलंत आणि पाटी छातीशी धरून मंडळीकडे वळलात.

'आता तुम्ही म्हणा.'

पहिलं रडू शामलाताईचं, ते मी ओळखलं. मग तुम्ही डोळे मिटून, मान खाली घालून उभे राहिलात, आम्ही उभे राहतो तसे. आणि इंदुताईंनी पाळकाचं वाक्य म्हटलं. ओठांत नाही, मोठ्यानं, हात वर करून. त्यांच्यामागे सगळं चर्च. परमेश्वर तुम्हाला आशीर्वाद देवो, तुम्हाला सांभाळो. सगळं पाठ होतं, भाऊजी! पोरासोरांनासुद्धा. तीस वर्षं तुम्ही आमच्यावर ओतलेलं एका दमात तुमच्या डोक्यावर परत आलं. तुमचे खांदे हलत होते. आमेन इतका मोठा झाला की बाहेर रस्त्यावर एक स्कूटरवाला थांबून आत डोकावला.

मागची बाकी फिटली. उलट व्याजासकट.

बाहेर आल्यावर इंदुताई मला म्हणाल्या, "पुढच्या रविवारीही इथंच बसजो. पन जरा हळू." आता पंचांनी ठरवलंय, नवे पाळक येईपर्यंत महिन्यातून एक रविवार तुम्ही यावं. आशीर्वाद मंडळी म्हणेल, उपासना तुम्ही चालवाल. नाही म्हणू नका, एकमत झालंय, दुसऱ्यांदा.

एक गोष्ट मात्र आपल्या दोघांतली. लोक म्हणतात, पवित्र आत्म्यानं काम केलं. केलंच. पण त्या दिवशी तुमच्या फुसफुशीतला प्रत्येक शब्द तिसऱ्या बाकावर ऐकू आला, धर्मेंद्र म्हणतो दारापर्यंत कळलं, त्यात थोडा वाटा माझ्या डबीचाही आहे. अस्तर कसं भरीव होतं आवाजाला! मी डोळे मिटून ऐकलं. माझा कान चुकत नाही, हे आता तरी मान्य करा.

आपला,
मनोहर

ता. क. माईकची डबी ताईच्या पिशवीत तशीच गेली. पुढच्या वेळी आणाल.


अमरावती
१० डिसेंबर २०२५

प्रिय मनोहर यास, सलाम.

महिन्यातून एक रविवार येईन. एकदा टकटक. इंदुताईंना सांग, पाळकाचं वाक्य आता त्यांचंच, माझा त्यावर काही हक्क उरलेला नाही. त्या बोलणं बंद करणार नाहीत एवढी काळजी घे.

रविवारी रात्रीपासून मला गाढ झोप लागते आहे. गच्चीवर अजून जातो, पण फिरायलाच. टाकीची चौकशी शामला करते.

आता डबीचं. तुला हे कळवावं की नाही, यावर मी आणि शामला दोन दिवस बोललो, म्हणजे ती बोलली. मी सांगायचं ठरवलं, कारण तुझ्या कानाबद्दल तू मला मान्य करायला सांगितलं आहेस.

शनिवारी तू माईक तपासून माझ्या हाती दिलास, तेव्हा तो चालू होता. संध्याकाळी जेवायच्या आधी शामलाला माझं ब्लडप्रेशर पाहायचं होतं. मशीन लागेना, त्यातले सेल संपलेले. तिनं पाहिलं, समोरच डबी पडलेली, आत सेल. रविवारी वेस्ट्रीत मी झग्याखाली बटन दाबलं तर दिवा लागला नाही. उघडून पाहिलं, आत रिकामं. दाराच्या फटीतून तुला हाक मारायला म्हणून डोकावलो. तू तिसऱ्या बाकावर बसला होतास, हातात गीतांचं पुस्तक, पाठ ताठ, नव्या शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या पोरासारखा. तुला उठवावंसं वाटलं नाही. डबी कमरेला अडकवली आणि तसाच बाहेर आलो.

मी ओठ हलवले तेव्हा माझं मलाही नीट ऐकू येत नव्हतं. तुला प्रभूमधला भ कुणाचा ऐकू आला, ते तुझ्या शेजारी कोण बसलं होतं यावरून लक्षात येईल. त्यांना ते वाक्य माझ्याआधीच संपवायची सवय आहे. उपदेशही मी ओळीओळीनं ओठांत म्हणत होतो आणि पुढचा बाक तो मागच्या बाकाला सांगत होता; मी पाहत होतो. धर्मेंद्रपर्यंत तो तसाच पोचला.

आज सकाळी ब्लडप्रेशर पाहिलं, ठीक आहे. तुझे सेल अजून त्या मशीनमध्येच आहेत.

तुझा,
मधुकर